बॅकन, अर्ल
(१० जानेवारी १९२४ – २१ ऑक्टोबर २०१८). अमेरिकन विद्युत् अभियंते व ‘मेडट्रॉनिक’ या वैद्यकीय उपकरणे बनविणाऱ्या कंपनीचे एक संस्थापक. मिनेसोटा विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १९४९ मध्ये त्यांनी पामर हर्मंडस्ली या आप्तासमवेत मिनीॲपोलिस येथील एका गॅरेजमध्ये ही कंपनी काढली. रुग्णालयीन उपकरणांची दुरुस्ती हा तिचा प्रारंभीचा व्यवसाय.

त्या काळी हृदयाचा गतिकारक (पेसमेकर) भिंतीतील वीजजोडणीवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली व बॅकन यांच्या कथनानुसार एक बालरुग्ण दगावला. शल्यचिकित्सक सी. वॉल्टन लिलेहाय यांच्या विनंतीवरून बॅकन यांनी तालमापकाच्या मंडलाच्या आधारे, ट्रँझिस्टर व बॅटरी वापरून, अंगावर बाळगता येणारा गतिकारक सु. चार आठवड्यांत बनविला. कुत्र्यावरील चाचणीनंतर दुसऱ्याच दिवशी तो एका बालकाला जोडलेला त्यांना आढळला. १९६० मध्ये कंपनीने शरीरात बसविण्याच्या गतिकारकाच्या निर्मितीचे हक्क मिळविले. हवाई येथे ते निधन पावले.