तोंडाच्या वासाचा खटला

दारूबंदीचा विषय निघाला की आपल्याकडे एक तर उपदेश सुरू होतो, नाही तर विनोद. दिवाळीच्या फराळाबरोबर दोन्ही जरा बेतानेच घ्यावेत. मला येथे सांगायची आहे ती वेगळीच हकीकत : फार तर घोटभर घेतल्याचा आळ आलेल्या कॉलेजच्या पोराला हा कायदा कसा भेटला, आणि पुढे कायदाच थोडाथोडा कसा शहाणा होत गेला.

माझे गाव तुडील, महाड तालुक्यातल्या खाडीपट्ट्यातले. आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला अबकारी खात्याची ओळख फार आधीची. १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर माडीवर आणि दारूवर सरकारी पकड बसली. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पण त्या साऱ्याचा डोळा महसुलावर. कर भरलेली दारू कोण पितो, याची सरकारला फारशी फिकीर नव्हती.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने चित्र पालटले. १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली आणि परवान्यावाचून पिणे हाच गुन्हा ठरला. हेतू चांगला होता; पगाराच्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी येणारा नवरा ज्या बायकांनी पाहिला, त्यांना तो समजावून सांगावा लागला नसेल. अडचण होती पुराव्याची. बाटली सापडली नाही, तर उरतो तो तोंडाचा वास!

१९५१ मध्ये बालसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने त्याच्या कचाट्यातून सोडवली. त्याच वर्षी मुंबईत बेहराम पेसिकाका या वाहतूक-अधिकाऱ्यांच्या जीपला अपघात झाला. डॉक्टरांना वास आला. पण माणूस नीट बोलत होता, सरळ रेषेत चालत होता. आपण औषधी टॉनिक घेतले होते, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ मध्ये ते सुटले. घेतलेले मद्य निषिद्ध होते हे सरकारनेच सिद्ध केले पाहिजे, असा निर्णय झाला.

या निकालाचा फायदा आमच्या घराला झाला. माझे चुलते मुंबईस कॉलेजात होते. १९५७ च्या शिमग्याच्या रात्री मित्रांबरोबर परतताना पोलिसांनी त्यांना हटकले. हातात काही नाही, गडबड नाही; वास मात्र आला. खोकल्यासाठी द्राक्षासव घेतले, असे चुलत्यांनी सांगितले. ते खरे की नाही, हे पुढे विचारले की ते नुसते हसत. वकिलांनी वरचा निवाडा पुढे ठेवला आणि चुलते निर्दोष सुटले.

पण तारखांवर तारखा पडल्या, त्यात परीक्षा हुकली. वकिलांच्या फीसाठी आजोबांनी दुभती म्हैस विकली. गावात पत्र पोचण्याआधी बातमी पोचली होती. आजी म्हणाली, “सुटला ते सरकारला ठाऊक. आळीतल्या बायांना कोण सांगनार?”

कायद्यालाही वासाचा भरवसा पुरेना. १९५९ च्या दुरुस्तीने रक्ततपासणीची रीतसर तरतूद झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळला, तर ते निषिद्ध मद्य नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर गेला. नियम कडक झाला खरा. पण शिपायाच्या नाकाऐवजी नळीतला आकडा बोलू लागला. त्याच सुमारास, १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने देशापुढे आणखी एक विचार ठेवला : एकवीस वर्षांखालच्या अपराध्याला होता होईतो तुरुंगात धाडू नये, आणि परिवीक्षेवर सोडलेल्याला त्या शिक्षेमुळे पुढे अपात्र ठरवू नये.

१९६० च्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. तरी १९४९ चा कायदा आजही पुस्तकात आहे. परवान्याची अट आहे, आणि कडक मद्यासाठी वयाची पंचविशी ओलांडावी लागते. म्हणजे कॉलेजातली बहुतेक मुले अजूनही त्या कक्षेतच येतात. त्यांना घरच्यांनी समज जरूर द्यावी. पण एखाद्यावर खटला झालाच, तर न्यायालयाने पुराव्यासाठी जेवढी वाट पाहिली, तेवढी आळीनेही पाहावी. आजीचा प्रश्न सरकारला नव्हता. तो आपल्याला होता.