आलापल्ली परिसरातील गोंड समाजाची कौलाची साधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव सागवानाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. १९८२ मध्ये जिल्हानिर्मिती होईपर्यंत हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट होता. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता माडिया गोंडांच्या वस्तीत पोहोचतो. इंद्रावतीपलीकडील बस्तरमध्येही माडियांची वस्ती असल्याने येथील धर्मविधींचा अभ्यास करताना बस्तरविषयक नोंदी वगळता येत नाहीत. कोकणात देवाला कौल लावतात, त्याचप्रमाणे आदिवासी समाजातही देवाची इच्छा जाणून घेण्याची साधने आहेत. प्रस्तुत लेखात या साधनांचे स्वरूप व त्यांची सामाजिक बाजू यांचा विचार केला आहे.

साधने व विधी :
माडिया समाजात गावाच्या भूमीची पूजा पेरमा करतो, तर आजाराचे कारण शोधण्याचे काम वड्ड्याकडे असते. मध्य प्रांतातील गोंड व बैगा समाजांत कौलासाठी सूप, तुंबा व धान्याचे दाणे वापरीत. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगांविषयीच्या ग्रंथात सूप व तुंबा यांच्या वापराची नोंद केली आहे. देवतांची नावे एकामागून एक उच्चारली जात आणि ज्या नावाला साधन हलेल ती देवता रुष्ट झाली आहे, असे मानले जाई. ही साधने घरातील नित्याचीच होत. विधीपुरते त्यांना पावित्र्य लाभे.

बस्तरमधील आंगा मात्र खास घडविलेला देव आहे. लाकडी ओंडक्यांची ही चौकट माणसे खांद्यावर वाहतात आणि तिच्या हालचालीवरून देवाचे उत्तर ओळखले जाते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टच्या बाउले समाजात पात्रातील उंदराने हलविलेल्या काड्यांच्या मांडणीवरून उत्तर वाचतात. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच दिसते : उत्तर माणसाच्या इच्छेबाहेरून यावे, परंतु त्याचा अर्थ मात्र माणसानेच सांगावा.

कौलाची दुसरी बाजू :
प्रश्न देवतेविषयी असेल तर कौलाची परिणती नवस किंवा बळी यांत होते व कुटुंबाला धीर मिळतो. प्रश्न माणसाविषयी असेल तर परिणाम भयंकर होतो. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात, मृताची तिरडी वाहणाऱ्यांना प्रेतच करणी करणाऱ्याच्या घराकडे ओढून नेते, या समजुतीचा उल्लेख आहे. अशा वेळी निवाडा देणारा कोणीच नसतो. म्हणूनच चुकीच्या निवाड्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने करणीचा आरोप करून व्यक्तीला छळणे हा गुन्हा ठरविला आहे.

निष्कर्ष :
कौलाच्या साधनांकडे केवळ कलावस्तू म्हणून पाहिल्यास त्यांच्यामागील प्रश्न हरवतो. केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिल्यास दुःखाचे कारण शोधणाऱ्या समाजाची धडपड दिसत नाही. संग्रहालयात सूप किंवा आंगा मांडताना तो कोणी, कोणत्या प्रसंगी व कोणता प्रश्न विचारण्यासाठी वापरला, याची नोंद आवश्यक आहे. साधन तेच असले तरी एका प्रश्नाने घर सावरते, तर दुसऱ्याने एखाद्या निरपराध स्त्रीचे घर उद्ध्वस्त होते. हा भेद नोंदविणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.