‘किती’ची कुळकथा

1966 साली हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्यूलर-हिल एका प्रथिनाच्या मागे लागले होते. ते असणार याविषयी बहुतेकांची खात्री होती, पण कुणाच्या हाती ते लागलं नव्हतं. कारण ई. कोलाय जीवाणूच्या एका पेशीत या प्रथिनाचे जेमतेम दहा-वीस रेणू असतात. दोघांनी ते शोधून काढलं खरं, पण नीट अभ्यास करायचा तर माल हवा होता, आणि जीवाणू तो देत नव्हता.

हे प्रथिन म्हणजे रेप्रेसर. त्याचं भाकीत पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलं होतं. फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी 1961 च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात जनुकाचं काम चालू-बंद कसं होतं याचा आराखडा मांडला. जीवाणूला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मिळत नसेल तेव्हा रेप्रेसर डीएनएवरच्या ‘ऑपरेटर’ नावाच्या जागेवर बसून राहतो आणि लॅक्टोज फोडणारं विकर बनू देत नाही. लॅक्टोज आलं की तो उठतो, आणि त्या विकराचं प्रमाण सुमारे हजार पटीनं वाढतं. 1965 चं नोबेल याच कामासाठी होतं, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह. आराखडा सुंदर होता, पण त्यात दोनच अवस्था होत्या: हो किंवा नाही. चालू झालेलं जनुक नेमकं किती चालेल, या प्रश्नाला त्यात फारशी जागा नव्हती. मला वाटतं, या विषयाच्या इतिहासातली खरी गंमत इथेच आहे. ‘चालू की बंद’ हा प्रश्न वाजतगाजत पुढच्या दारानं आला. ‘किती’ हा प्रश्न मागच्या दारानं शिरला, तोही बिघडलेल्या जीवाणूंच्या संगतीत.

अशा बिघडलेल्या जीवाणूंवर जॉन स्केफ आणि जॉन बेकविथ काम करत होते. त्यांना 1966 मध्ये असे उत्परिवर्ती वाण सापडले की ज्यांचं बटण शाबूत होतं. लॅक्टोज दिलं की चालू, काढलं की बंद. पण पुरतं चालू करूनही विकर बनायचं ते नेहमीच्या काही टक्केच. विकराच्या रेणूत काहीच दोष नव्हता. म्हणजे कमाल मर्यादा ठरवणारी जागा बटणाहून वेगळी होती. तिचं नाव दोन वर्षं आधीच ठेवलेलं होतं: ‘प्रमोटर’. जेकब, मोनो आणि अॅग्नेस उलमान यांनी 1964 मध्ये ते सुचवलं होतं. (उलमान या हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीतून लपूनछपून बाहेर पडल्या होत्या, आणि त्या पलायनाची आखणी मोनोंनी केली होती. जीवशास्त्रात असे प्रसंग फार नसतात.) नाव टिकलं, पत्ता मात्र चुकला होता. त्यांनी प्रमोटर ऑपरेटर आणि जनुकाच्या मध्ये दाखवला. बेकविथच्या गटानं 1968 मध्ये तो ऑपरेटरच्याही अलीकडे असल्याचं दाखवून दिलं.

त्याच वर्षी म्यूलर-हिल आणि गिल्बर्ट यांनी माल मिळवण्याचा मार्गही शोधला. रेप्रेसर नेहमीच्या दहा पट बनवणारा जीवाणू त्यांनी निवडून काढला. रेप्रेसरच्या जनुकाला ‘आय’ म्हणत. या वाणाला त्यांनी ‘आय-क्यू’ म्हटलं. क्यू म्हणजे क्वांटिटी. प्रथिन तेच, फक्त जास्त. का जास्त, हे सांगायला डीएनए वाचता यायला हवा होता, आणि तो वाचता येत नव्हता. गिल्बर्ट आणि अॅलन मॅक्सॅम यांनी 1973 मध्ये ऑपरेटरची जी अक्षरं प्रसिद्ध केली ती होती अवघी चोवीस, आणि तेवढ्यासाठी वर्षं खर्ची पडली होती.

1975 मध्ये डेव्हिड प्रिब्नो यांनी एक साधी युक्ती वापरली. जनुकाची आरएनए प्रत काढणारं विकर, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, डीएनएवर बसवायचं आणि उघडा राहिलेला डीएनए दुसऱ्या विकराकडून कुरतडून टाकायचा. पॉलिमरेजच्या बुडाखाली जो तुकडा वाचतो तो प्रमोटर. असे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके तुकडे एकाखाली एक मांडल्यावर जनुकाच्या सुरुवातीआधी सुमारे दहा अक्षरांवर सगळीकडे जवळपास एकच शब्द दिसू लागला: टी-ए-टी-ए-ए-टी. संगणक नाही, मोठा साठा नाही, केवळ नजर. जर्मनीत हाइन्झ शालर यांच्या गटालाही त्याच वर्षी हेच दिसलं. आणखी मागे, पस्तिसाव्या अक्षराच्या आसपास, दुसरा शब्द असल्याचं पुढे पक्कं झालं: टी-टी-जी-ए-सी-ए.

प्रमाण कसं ठरतं हे या दोन शब्दांवरून उलगडतं. पॉलिमरेजला जोडलेला सिग्मा नावाचा घटक ते ओळखतो. शब्द आदर्शाच्या जितके जवळ, आणि दोहोंमधलं अंतर सतरा अक्षरांच्या जितकं जवळ, तितकी पकड सहसा चांगली. दहाजवळच्या शब्दात ए आणि टी यांचीच गर्दी असणंही सोयीचं आहे. ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सी जोडीत तीन. म्हणून प्रत काढायला डीएनएचे दोन धागे इथे सहज सुटतात. लॅक्टोज जनुकांच्या नैसर्गिक प्रमोटरमध्ये हा शब्द टी-ए-टी-जी-टी-टी असा आहे. त्यातली दोन अक्षरं बदलून तो आदर्श झाला की ‘यूव्ही-5’ हा जोरदार प्रमोटर मिळतो. नैसर्गिक प्रमोटरला पॉलिमरेज बसवून घ्यायला जे मदतनीस प्रथिन लागतं, त्याची या प्रमोटरला फारशी गरज उरत नाही.

आय-क्यूचं कोडं मिशेल कॅलोस यांनी 1978 मध्ये सोडवलं. रेप्रेसरच्या जनुकाचा मूळ प्रमोटर मुळातच दुबळा, पस्तीसजवळचा शब्द आदर्शापासून बराच दूर. आय-क्यूमध्ये तिथल्या एका सीच्या जागी टी आला होता. एक अक्षर, दहा पट प्रथिन. आजही प्रयोगशाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ई. कोलायच्या अनेक वाणांत हाच आय-क्यू असतो.

पुढे 1983 मध्ये दोन प्रमोटरांचे चांगले भाग जोडून ‘टॅक’ नावाचा संकरित प्रमोटर तयार झाला, आणि हवं ते प्रथिन ढिगानं बनवणाऱ्यांना तो चांगलाच मानवला. पण निसर्गात दोन्ही शब्द आदर्श असलेला प्रमोटर शोधायला गेलं तर क्वचितच भेटतो. ‘आदर्श’ हा शब्दच इथे थोडा फसवा आहे. रेप्रेसरचे दहा-वीस रेणू पुरत असतील तर दुबळा प्रमोटर हाच योग्य प्रमोटर.

माणसात हे सगळं अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण प्रमाण ठरवणारी अक्षरं जनुकापासून हजारो अक्षरं दूर असू शकतात. लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज विकर बहुतेक माणसांत बालपणानंतर कमी होत जातं. ज्यांच्यात ते टिकतं अशा फिनलंडमधल्या लोकांच्या डीएनएत 2002 मध्ये कारण सापडलं: लॅक्टेज जनुकाच्या 13,910 अक्षरं अलीकडे, शेजारच्या एका जनुकाच्या पोटात, सीच्या जागी टी. भारतातही हाच बदल आढळतो. वायव्येकडे जास्त, आग्नेयेकडे कमी. पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या लोकांत मात्र त्याच पट्ट्यात शंभर अक्षरं पलीकडचं वेगळंच अक्षर बदललेलं आहे, जीच्या जागी सी. लॅक्टेज तिथेही टिकून राहतं.