घरच्या प्लाझ्मा कटरसाठी ‘वॉटर टेबल’
प्रतिनिधी

संगणकाच्या आज्ञेनुसार लोखंडी पत्रा हव्या त्या आकारात कापून देणारे सीएनसी प्लाझ्मा यंत्र आता केवळ मोठ्या कारखान्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. मोटारी, कंट्रोल कार्ड आणि लहान क्षमतेचे प्लाझ्मा संच आवाक्यात आल्याने हौशी तंत्रज्ञ गॅरेजमध्ये किंवा घरामागच्या शेडमध्ये असे यंत्र स्वतः उभारू लागले आहेत. मात्र यंत्राबरोबर त्याचा धूरही घरी येतो. कारखान्यात उंच छप्पर आणि धूर ओढणारे पंखे असतात. घरात भिंतीपलीकडे कुटुंब राहत असते. त्यामुळे टॉर्चखाली पाण्याची उथळ टाकी, म्हणजेच ‘वॉटर टेबल’, बसविणे ही घरगुती कार्यशाळेची पहिली गरज ठरते.

धूर कशाचा?

प्लाझ्मा कटिंगचा उगम अमेरिकेत झाला. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये या प्रकारच्या टॉर्चचे पेटंट मिळाले. अरुंद नोझलमधून वेगाने जाणाऱ्या हवेतून विद्युत ज्योत नेली, की तिचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्याखालचा धातू वितळतो आणि हवेच्या झोताने खाली फेकला जातो. त्यातील काही भाग वाफ होऊन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात हवेत मिसळतो.

साध्या पोलादाच्या धुरात लोह व मँगनीजची ऑक्साइडे असतात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. स्टेनलेस स्टील कापताना निघणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगास कारणीभूत ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचाही मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत समावेश केला. पत्र्याखाली पाणी असेल, तर यातील बराचसा धूर, ठिणग्या व वितळलेली मळी तेथेच अडते. पत्रा थंड राहिल्याने तो कमी वाकतो, हा आणखी एक लाभ.

आधी वजनाचा हिशेब

चार फूट बाय चार फूट पत्र्यासाठी आतून १.३ मीटर लांब-रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल टाकी पुरेशी होते. तीत १० सेंटिमीटर पाणी भरले तर ते १६९ लिटर, म्हणजे तितकेच किलो होते. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची टाकी सुमारे ५८ किलो, आधाराच्या बारा पट्ट्या सुमारे ४६ किलो आणि कापायचा १२ मिलिमीटर जाडीचा पत्रा १४० किलो. एकूण भार ४०० किलोच्या वर जातो. त्यामुळे टाकीला जाड अँगलचे स्वतंत्र पाय द्यावेत. यंत्राच्या रुळांवर तिचा भार टाकू नये. रूळ किंचित वाकले तरी टॉर्चची उंची बदलते आणि काप बिघडतो. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर असे टेबल उभारण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

टाकीची बांधणी

टाकीचे सांधे आतून व बाहेरून सलग वेल्ड करावेत. तळाला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तेथे मोठ्या तोंडाचा व्हॉल्व्ह बसवावा. अरुंद नळी गाळाने तुंबते. गळती शोधण्याची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. सांध्याला बाहेरून चुना फासून वाळू द्यावा आणि आतून रॉकेल लावावे. जेथे चुन्यावर डाग उमटेल, तेथे छिद्र समजावे. दुरुस्तीपूर्वी रॉकेल पूर्ण पुसून व वाळवून घ्यावे, मगच वेल्डिंग करावे. त्यानंतर टाकी २४ तास पाण्याने भरून ठेवून खात्री करावी आणि इपॉक्सी रंग द्यावा.

पत्रा ज्यांवर टेकतो त्या पट्ट्या उभ्या बसवितात. ७५ बाय ५ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी पट्ट्या दहा-दहा सेंटिमीटरवर खाचांत सोडाव्यात, पक्क्या वेल्ड करू नयेत. प्रत्येक कापाबरोबर त्या झिजतात व बदलाव्या लागतात. जस्ताचा मुलामा असलेल्या पट्ट्या टाळाव्यात. टॉर्च एकाच पट्टीवरून लांबवर जाऊ नये म्हणून पट्ट्या किंचित तिरक्या ठेवणे हिताचे. त्यांचे माथे काठाच्या दोन सेंटिमीटर खाली राहिल्यास पाणी पत्र्यापर्यंत चढविता येते. पाणी पत्र्याला टेकले की धूर व आवाज अधिक घटतो. मात्र पाणी उडते आणि कापाच्या कडेला मळी अधिक चिकटू शकते. त्यामुळे पातळी किती ठेवायची हे प्रत्येक जाडीसाठी पाहून ठरवावे.

पाणी आणि वीज शेजारी असल्याने टाकी व यंत्राचा सांगाडा यांना चांगले अर्थिंग हवे. कंट्रोल कार्ड व संगणक उडणाऱ्या पाण्यापासून दूर, बंद पेटीत ठेवावेत.

अॅल्युमिनियमचा धोका

वॉटर टेबलचा सर्वांत गंभीर धोका अॅल्युमिनियम कापताना उद्भवतो. वितळलेल्या अॅल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो. तळाशी साचलेल्या कणांतूनही तो पुढे बराच काळ निघत राहतो. हलका असल्याने तो पत्र्याखाली अडकतो. हवेतील त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर पुढची ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. मोठ्या कारखान्यांत यासाठी तळाशी छिद्रांची नळी घालून हवेचे बुडबुडे सोडतात, गाळ वेळोवेळी काढतात आणि पत्रा टेबलावर पडून राहू देत नाहीत. अॅल्युमिनियम-लिथियमचे मिश्रधातू तर पाण्यावर कधीच कापू नयेत. घरी एवढी व्यवस्था नसेल, तर वॉटर टेबलवर अॅल्युमिनियम न कापणेच शहाणपणाचे.

पाण्याची निगा

साध्या पाण्यात कापलेले भाग काही तासांत गंजू लागतात. त्यासाठी गंजरोधक मिसळतात. त्यांपैकी सोडियम नायट्राइट मिठासारखे दिसते, पण विषारी असते. ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, नाव लिहूनच ठेवावे. तळाच्या गाळात धातूंचे कण असतात. तो आणि रसायन मिसळलेले पाणी गटारात किंवा बागेत सोडू नये. घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावे.

आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळावे लागते. यंत्र आठ-दहा दिवस बंद राहिले, तर उघड्या टाकीत डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास होऊ शकते. पाणी झाकणबंद पिंपात काढून ठेवावे किंवा टाकीवर घट्ट आच्छादन घालावे.

एवढे करूनही पाणी सर्वच धूर अडवीत नाही. उघडे दार, बाहेर हवा फेकणारा पंखा, योग्य मास्क आणि डोळ्यांना गडद काच यांची गरज उरतेच. घरी यंत्र उभारण्याचा खर्च मांडताना या सर्व गोष्टी पहिल्याच यादीत धराव्यात. कापलेला पत्रा बिघडला तर दुसरा आणता येतो. फुफ्फुसांच्या बाबतीत ती सोय नाही.