डावखुऱ्याचा बँजो



गेल्या महिन्यांत माझ्या नातीचें पत्र आलें. ती पुण्यास महाविद्यालयांत शिकते आणि जन्मापासून डावखुरी आहे. "आजोबा, मला बँजो शिकावयाचा आहे; पण दुकानदार म्हणतो, उजव्या हाताचाच घ्या, सवय होईल. तुम्ही काय म्हणतां?" असा तिचा प्रश्न. मॅट्रिक होऊन शाळेंत इतिहास शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास वाद्यांच्या खरेदीचें काय कळणार? परंतु इतिहासाच्या शिक्षकास एक खोड असते. त्यास भाजी आणावयास सांगितली तर तो आधीं भाजीचें मूळ कोठलें तें शोधूं लागतो. मींहि तेंच केलें, आणि नवल असें कीं, नातीच्या प्रश्नाचें उत्तर मला त्या शोधांतच सांपडलें.

प्रथम एक घोंटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकींत आणि लग्नाच्या वरातींत ‘बेंजो’ म्हणून जें वाजतें, तें हें वाद्य नव्हे. तें बुलबुलतरंग, जपानांत नागोया शहरीं १९१२ सालीं निघालेल्या ताइशोगोतो नामक वाद्याचें भावंड. त्यास टंकलेखनयंत्रासारख्या कळा असतात. माझी नात म्हणते तो बँजो म्हणजे गोल डफास लांब दांडी जोडावी तसें दिसणारें अमेरिकन तंतुवाद्य.

अमेरिकन म्हटलें खरें, पण त्याचें माहेर आफ्रिकेंत आहे. पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगाल व गांबिया ह्या भागांत जोला लोकांचें अकोंटिंग नांवाचें वाद्य आजहि वाजतें. भोपळ्याच्या कवचावर कातडें ताणलेलें, त्यांतून काठीची दांडी गेलेली आणि तीन तारा. त्यांतली एक आखूड, ती अंगठ्यानें छेडावयाची. गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांना बरोबर कांहींच नेतां आलें नाहीं. पण अशा वाद्यांची आठवण त्यांच्या बोटांत राहिली. वेस्ट इंडीज बेटांत व अमेरिकेंत त्यांनीं तीं नव्यानें घडविलीं. हॅन्स स्लोन हा वैद्य १६८७ सालीं जमेकांत गेला होता. त्यानें १७०७ सालीं छापलेल्या ग्रंथांत तेथील गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांचें चित्र दिलें आहे. पुढें १७८५ ते १७९० च्या सुमारास दक्षिण कॅरोलायनांत काढलेलें एक जलरंगचित्र आज ‘द ओल्ड प्लँटेशन’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत भोपळ्याचा बँजो घेतलेला वादक बसला असून त्याच्या वाद्यावर ती आखूड तार स्पष्ट दिसते.

ही तार लक्षांत ठेवावी, कारण आपल्या डावखुऱ्या मुलीचें सारें दुखणें तिच्यांतच आहे. ही तार व्हर्जिनियांतील जोएल स्वीनी ह्या गोऱ्या वादकानें एकोणिसाव्या शतकांत शोधून काढली, अशी दंतकथा फार दिवस चालली होती. स्वीनीचा जन्म १८१० चा. वरील चित्र त्याच्या जन्मापूर्वींचें! श्रेय कसें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें पाहा. १८४३ सालीं न्यूयॉर्कांत ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ ह्या मंडळीनें तोंडाला काळें फांसून काळ्या माणसांची नक्कल करणारे खेळ सुरू केले, त्यांत बँजो होताच. ज्यांचें वाद्य, त्यांचीच त्या वाद्यावर टवाळी झाली. मात्र त्या खेळांमुळें बँजोची मागणी वाढली. बाल्टिमोर येथें विल्यम बाउचर हा कारागीर १८४० नंतरच्या दशकांत विक्रीसाठीं बँजो घडवूं लागला, आणि शतक संपण्यापूर्वीं फिलाडेल्फिया व बोस्टन येथें त्यांचे कारखाने निघाले.

येथें मी माझा एक तर्क मांडतों. जोंवर माणूस आपला बँजो आपण करीत होता, तोंवर डाव्याउजव्याचा तंटा फारसा नसावा. भोपळा गोल, दांडी गोल. ज्यास जशी हवी तशी त्यानें आखूड तारेची खुंटी ठोकावी. कारखाना आला आणि खुंटीची बाजू ठरून गेली.

आतां वाद्याची रचना पाहूं. पांच तारांच्या बँजोंत चार तारा दांडीच्या टोंकापर्यंत जातात. पांचवीची खुंटी मात्र दांडीच्या मध्येंच, पांचव्या पडद्यापाशीं, कडेला बसविलेली असते, व तेथून पुढें दांडी त्या बाजूस थोडी रुंद होते. उजव्या हातानें छेडणाऱ्याच्या अंगठ्याखालीं ही तार वरच्या अंगास येते. तोच बँजो डावखुऱ्यानें उलटा धरला कीं ती तार खालीं, जमिनीकडे जाते. अंगठ्याची तार अंगठ्यास मिळत नाहीं, आणि खुंटी पडदे दाबणाऱ्या बोटांना आडवी येते. सतारीच्या तारा बदलाव्यात तशा लांब तारा उलट लावल्या तरी पांचवी जागची हलत नाहीं. संपूर्ण दांडीच बदलावी लागते.

म्हणून उजव्या हाताचा पांच तारांचा बँजो स्वस्त मिळतो एवढ्यासाठीं घेऊन "मग उलटा करून घेऊं" असें म्हणणें व्यर्थ आहे. आयर्लंडांत लोकप्रिय असलेल्या चार तारांच्या टेनर बँजोची गोष्ट निराळी. त्याची दांडी दोन्ही अंगांनीं सारखी असल्यामुळें तारा उलट क्रमानें लावून, वरच्या पट्टीच्या खांचा जाडीप्रमाणें पुन्हां कोरून घेतल्या कीं बहुतेक काम होतें. पण तो एका नखीनें छेडावयाचा. पांच तारांच्या बँजोवर अंगठा व बोटें मिळून जी लय विणतात ती गंमत त्यांत नाहीं.

उलट्या वाद्यावर कोणीच वाजविलें नाहीं काय? वाजविलें तर. उत्तर कॅरोलायनांत १८९३ सालीं जन्मलेली एलिझाबेथ कॉटन ही काळी मुलगी डावखुरी होती. भाऊ घरीं नसतांना ती त्याचा बँजो उलटा धरून वाजवी. पुढें गिटारहि तशीच, तारा न बदलतां. त्यामुळें खर्जाच्या तारा बोटांकडे आणि सुरावटीच्या तारा अंगठ्याकडे आल्या, आणि ह्या उलट्या मांडणींतून जी शैली जन्मली तिला आज तिचेंच नांव आहे. ‘फ्रेट ट्रेन’ हें तिनें मुलगी असतांना रचलेलें गाणें. मध्यें अनेक वर्षें वाद्य सुटलें. परक्या घरीं मोलकरीण म्हणून राबली. पहिली तबकडी १९५८ सालीं निघाली तेव्हां ती पासष्ट वर्षांची होती. १९८५ सालीं, ब्याण्णवाव्या वर्षीं, तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

दुकानदार असली उदाहरणें देऊनच गिऱ्हाइकास गप्प करतात. पण एक कॉटन झाली. उलट्या वाद्याशीं झगडून कंटाळलेले किती, त्यांची नोंद कोण ठेवतो?

मला एकाची नोंद ठाऊक आहे. मी शाळेंत असतांना सहावींतला एक मुलगा शनिवारच्या भजनांत ढोलकी वाजवीत असे. तो शाईची बाजू डाव्या हाताकडे घेई. गांवांत लोक हंसत. मीं एके दिवशीं सर्वांसमक्ष ढोलकी फिरवून त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलें, "सरळ धर." त्यानें दोन शनिवार प्रयत्न केला. हात चालेना. तिसऱ्या शनिवारीं तो भजनास आला नाहीं. मागाहून ढोलकीस त्यानें हात लावल्याचें मीं ऐकलें नाहीं. मला त्या वेळीं आपण शिस्त लावली असें वाटलें होतें.

असो. कांहीं जाणते असें म्हणतात कीं, नाहीं तरी पडदे दाबण्याचें नाजूक काम डावाच हात करतो, मग डावखुऱ्यानें उजवा बँजो का शिकूं नये? ज्याची डावी उजवी बाजू फारशी ठरलेली नाहीं त्यानें जरूर पाहावा. पण बँजोचा प्राण छेडणाऱ्या हाताच्या लयींत आहे, आणि टेबलावर ठेका धरतांना जो हात आपोआप पुढें येतो तोच छेडावयास द्यावा, असें मला वाटतें. नातीस मीं हीच परीक्षा कळविली. तिचा डावा पुढें आला.

तेव्हां तिनें डाव्या हाताचाच म्हणून घडविलेला बँजो घ्यावा. कॅलिफोर्नियांतील डीअरिंग कारखान्याचा ‘गुडटाइम’ हा साधा बँजो डावखुऱ्यांसाठींहि निघतो. पाठ उघडी असलेला घ्यावा. पाठीमागें लाकडी तबकडी असलेला आवाजास मोठा, पण वजनासहि जड. घेतांना पांचवी खुंटी, बँजो छातीशीं धरल्यावर, चेहऱ्याकडच्या अंगास आहे ना, एवढें डोळ्यांनीं पाहावें. तोटे आहेत: निवड थोडी, विकावयास गिऱ्हाईक कमी, दुसऱ्याचा बँजो मागून वाजवितां येणार नाहीं. उलटपक्षीं उजव्या हाताच्या गुरुजींसमोर बसलें कीं आरशांत पाहावें तसें सारें सरळ दिसतें.

एक गोष्ट पत्रांत लिहावयाची राहिली होती, ती ताजा कलम म्हणून घातली. बोटांच्या धातूच्या नख्या दोन्ही हातांना चालतात; अंगठ्याची नखी मात्र डाव्या अंगठ्यासाठीं वेगळी मिळते, ती मागून घ्यावी.