घरचा राउटर बदलायचा का? आधी वाय-फाय लहरींचे नियम समजून घ्या

पुणे : गावठाणापर्यंत फायबर आलं, पण शेतातल्या वस्तीवर रेंज नाही, अशी अवस्था जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी आहे. मग अँटेना, केबल शोधत लोक पुण्याला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात. कुणी सांगतं जुन्या राउटरचं सॉफ्टवेअर बदला, कुणी सांगतं पॉवर वाढवा. यातलं काय चालतं आणि काय अंगाशी येऊ शकतं, त्याची ही माहिती.

वाय-फायला लायसन का लागत नाही?

१९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार वायरलेस यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागत होता. मात्र काही यंत्रांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे होता. तो वापरून जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी घराबाहेरही परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भागही खुला झाला. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला असून त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहरींचा कारभार दिल्लीच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा पाहते. बाजारात येणाऱ्या राउटरच्या मॉडेलला तिची मान्यता लागते.

सूट आहे, पण अटींवर

२००५ च्या नियमांत २.४ गिगाहर्ट्झसाठी यंत्राची ताकद जास्तीत जास्त १ वॅट ठरवली आहे. अँटेना धरून बाहेर पडणारी ताकद ४ वॅटच्या आत हवी. अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत ठेवायची आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये पट्ट्यानुसार मर्यादा वेगवेगळ्या आहेत.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. ही लहर सगळ्यांची, कुणा एकाची नाही. शेजाऱ्याच्या वाय-फायमुळे आपलं मंदावलं तर दाद मागता येत नाही. उलट आपल्यामुळे परवानाधारक यंत्रणेला अडथळा आला, तर आपणच राउटर हलवायचा, ताकद कमी करायची किंवा वेगळा अँटेना लावायचा. तरीही अडथळा थांबला नाही, तर वापर बंद करावा लागतो.

म्हणजे बंधन लहरीवर आणि ताकदीवर आहे. राउटरमधलं सॉफ्टवेअर मालकाने बदलूच नये, असं कलम २००५ च्या त्या नियमांत नाही.

मग वाद कशाचा?

वाद अमेरिकेत पेटला. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन विमानतळाजवळ हवामानाच्या रडारला ५ गिगाहर्ट्झच्या बाहेरच्या वायरलेस यंत्रांचा अडथळा होत असल्याचं समोर आलं. पुढे तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेने नियम कडक केले. मार्च २०१५ च्या मार्गदर्शनात तर कंपन्यांना विचारलं, की बाहेरचं सॉफ्टवेअर राउटरवर चढू नये म्हणून तुम्ही काय केलंय? कंपन्यांना सोपा मार्ग एकच, राउटरला पूर्ण कुलूप. याला तज्ज्ञांनी विरोध केला. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ हेही त्यांत होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एफसीसीने खुलासा केला, की बंधन फक्त रेडिओच्या भागापुरतं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीने तडजोडीत २ लाख डॉलर भरले आणि बाहेरचं सॉफ्टवेअर चालू देण्याचंही मान्य केलं.

आपल्याला याचं काय?

राउटर काही वर्षांत जुना होतो आणि कंपनी अपडेट बंद करते. यंत्र ठणठणीत असतं, पण आतली सुरक्षेची भोकं तशीच राहतात. ओपनडब्ल्यूआरटीसारखं खुलं, फुकट सॉफ्टवेअर टाकलं की तोच राउटर पुढे वापरता येतो. हा प्रकल्प २००४ मध्ये लिंक्सिसच्या एका राउटरच्या खुल्या झालेल्या कोडवरून उभा राहिला. २००५ नंतर धरमशाला इथल्या डोंगराळ वस्त्यांत असेच सॉफ्टवेअर बदललेले राउटर जोडून एअरजल्दीने जाळं उभं केलं. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने वायरलेसवरून गावांत इंटरनेट नेलं. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यामागचा विचारही हाच आहे: विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करून वापरता यावी.

पण दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात खोडद इथे जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. म्हणून तिथे भेट देणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवावा लागतो. पावसाचा अंदाज देणारी काही रडारंही ५ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतात. शेतकऱ्यानेच ताकद वाढवून त्यांना अडथळा करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं.

सॉफ्टवेअर बदलण्याआधी एवढं बघा

- राउटर आपल्या मालकीचा आहे का? इंटरनेट कंपनीने वापरायला दिलेल्या राउटरला हात लावू नका.
- मागच्या लेबलवरचं मॉडेल आणि आवृत्ती क्रमांक ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीशी जुळवा. नाव एक, पण आतला सांगाडा वेगळा, असं असतं.
- ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरवर आजची आवृत्ती चालत नाही.
- काम चालू असताना लाइट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. इन्व्हर्टरवरच करा.
- सॉफ्टवेअर बदलल्यावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.
- सेटिंगमध्ये देश 'भारत' निवडा, म्हणजे चॅनेल आणि ताकद इथल्या मर्यादेत राहते. जास्त पॉवरसाठी दुसरा देश निवडायचा सल्ला ऐकू नका.

वस्तीवर नेट न्यायचं तर ताकद वाढवून फारसा उपयोग होत नाही. मोबाइलची ताकद तेवढीच राहते, त्यामुळे त्याचा निरोप परत पोचत नाही. मर्यादेत बसणारे दिशादर्शक अँटेना दोन्ही टोकांना समोरासमोर लावा आणि मध्ये झाड येऊ देऊ नका. एवढ्याने काम होतं आणि नियमही पाळला जातो.