नाम, क्रियापद आणि एचआयव्ही : पुण्यातील दोन निबंधांची साक्ष

एचआयव्हीचा परिणाम मेंदूवर झाला, तर शब्दांचे अर्थ पुसले जातात की अर्थ शाबूत राहून शब्द वेळेवर सापडत नाहीत? मराठी भाषकांपुरता शोध घ्यायचा, तर पुण्याचे कागद पाहावे लागतात. पुण्याजवळच्या भोसरीत १९९२मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. पुढचे दोन्ही निबंध तिथल्या संशोधकांच्या सहभागातून आले आहेत.

त्याआधीची एक नोंद १९८६ची, अमेरिकेतली. नाविया, जॉर्डन आणि प्राइस यांनी एड्समधील स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले. त्यात विचारांचा मंदावलेला वेग, विस्मरण आणि ढळणारे लक्ष ठळक आहे. अल्झायमरमधला भाषेचा ऱ्हास त्याच्या केंद्रस्थानी नाही. २००५मध्ये वुड्स आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीबाधित रुग्णांना एका मिनिटात जमतील तितकी क्रियापदे सांगायला लावली. नामांपेक्षा क्रियापदांत त्यांची घसरण अधिक दिसली. ही साक्ष इंग्रजी बोलणाऱ्यांची. मराठीला ती तशीच लावता येत नाही.

२०१२चा निबंध इथे कामी येतो. पुण्यातील १७४ मराठी मातृभाषकांची मराठीतून चाचणी झाली. ज्यांची हिंदीवर पकड अधिक, त्यांनी नामे जास्त सांगितली. क्रियापदांशी हिंदीचा संबंध त्या मानाने सैल होता. दोन्ही भाषांत नामे बरीच सामाईक आहेत, क्रियापदे कमी. म्हणजे पुणे जिल्ह्यातील मुळशीतल्या एखाद्या शेतकऱ्याने नामे कमी सांगितली, तर कारण आजार असेल किंवा हिंदीचा कमी सराव. राब भाजणे, चिखलणी करणे, रोपे लावणे, भात झोडणे ही क्रियापदे मात्र त्याला हिंदीकडून घ्यावी लागत नाहीत. शेतकऱ्याचे उदाहरण माझे आहे; निबंधाचा सारांश सहभागींना केवळ ‘पुण्याचे’ म्हणतो.

दुसरा निबंध २०१५चा. ९२ बाधित आणि ४० अबाधित व्यक्तींची दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणी झाली. या काळात २४ बाधितांनी एचआयव्हीविरोधी औषधे सुरू केली. सुरुवातीला त्यांची कामगिरी अबाधितांपेक्षा कमकुवत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांची सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कधी ना कधी २००च्या खाली गेलेली होती, तरी त्यांची एकूण बौद्धिक क्षमता सुधारली. या सुधारणेला हातभार लावणारी क्षेत्रे सारांशात दिली आहेत : अमूर्त विचार व नियोजन, लक्ष व कार्यकारी स्मृती, माहिती हाताळण्याचा वेग. शब्द आठवण्याची क्षमता त्या यादीत नाही. तेवढ्यावरून ती सुधारलीच नाही, असे म्हणणे पुराव्यापलीकडे जाईल.

मग निश्चित काय? औषधांनी विचारांचा वेग आणि लक्ष सावरू शकते, अगदी उशिरा सुरू करूनही. संभाव्य काय? अर्थांचा साठा बराचसा टिकतो, अडथळा शब्द शोधून काढण्यात येतो. अनुमान काय? मराठी रुग्णासाठी क्रियापदांची चाचणी नामांच्या चाचणीपेक्षा भरवशाची ठरावी. ते पडताळेपर्यंत, तपासणाऱ्याने गुण मांडण्यापूर्वी रुग्णाला हिंदी किती येते, एवढे तरी विचारावे.